मागचे पाय नसलेली खुर्ची

माझे वडील नगरला चित्रकलेचे शिक्षक. रद्दीच्या दुकानातून ते परदेशी मासिकं उचलून आणायचे आणि त्यातल्याच एकात मी फिनलंडमधली घरं पाहिली. पांढऱ्या भिंती, फिकट लाकूड, ठेंगणं साधं सामान, आणि मोकळी जागा एवढी की बघणाऱ्यालाही हायसं वाटावं. लग्न होऊन देवळाली प्रवऱ्याला ऊस पिकवणाऱ्या घरात आले, तेव्हा ते मासिक माझ्या ट्रंकेत होतं.

बहात्तरच्या दुष्काळाआधी सासऱ्यांनी नवा बंगला बांधला. आमच्याकडे बंगला म्हणजे हॉल, आणि हॉल म्हणजे लाल रेक्झिनचा नक्षीदार सोफासेट, हात टेकायच्या जागी सिंहाचं तोंड. त्यावर पुरुषांनी बसायचं, बायकांनी आतून चहा पाठवायचा आणि बोलायचंच झालं तर दाराआडून. त्या सिंहांच्या मागे जन्म काढायचा, या कल्पनेनंच माझं डोकं फिरलं. मी मासिक उघडून सासऱ्यांपुढे धरलं.

"मामंजी, हॉल असा करू या. मी करते."

त्यांनी एका खुर्चीवर बोट ठेवलं. वाकवलेल्या दोन लाकडी पट्ट्यांवर ती पुढच्या बाजूनं तोललेली होती. "हिचं मागचं पाय कुठं हायेत?"

"नाहीतच. मुद्दाम ठेवलेले नाहीत."

सासरे भारदस्त. बैलगाडीत मागून चढले की पुढचं जू उचललं जायचं. ते मिशीत हसले. "हीच करून दाव. वास्तुशांतीला पाव्हण्यांम्होरं बसतो हिच्यावर. टिकली तर हाल तुझा. मोडली तर सोफा."

गावच्या सुताराची हयात बैलगाड्या करण्यात गेलेली. लाकूड वाफेवर वाकतं, एवढं तो म्हणाला, आणि आमचं तर घरचंच गुऱ्हाळ चालू होतं. रस उकळत असलेल्या काहिलीवर आम्ही बाभळीच्या पातळ पट्ट्या आडव्या टाकल्या. मऊ झाल्या तशा मोटेच्या जुन्या चाकाभोवती आवळून बांधल्या. विहिरीवर विजेचा पंप आल्यापासून ते चाक नुसतं पडून होतं. वाळलेल्या पट्ट्या सरसानं एकावर एक चिकटवल्या आणि खुर्ची जोडली. बाक असा झोकदार आला, की मी नाचायचीच बाकी राहिले.

दुसऱ्या दिवशी पाहते तर खुर्ची काळी! उसाचा रस उडून उडून लाकूड गोड झालं होतं आणि सगळ्या मळ्यातल्या मुंग्या जेवायला आल्या होत्या. माझ्या थोरल्या जाऊबाईंनी आळीभर सांगितलं, "धाकलीची खुर्ची मुंग्यांनी नेली!" मी चिडले, रडले, आणि संध्याकाळी सुताराकडे जाऊन म्हटलं, परत करायची. या खेपेला काहिलीत साधं पाणी उकळलं. बसायच्या जागी बाजेची पांढरी नवार विणली.

वास्तुशांतीची जेवणं उरकली. सतरंजीवर पाहुणे, मधोमध खुर्ची, आणि दाराआड मी. सासूबाईंनी खुर्चीखाली गुपचूप पाट सरकवला. पडलेच तर उंचावरून नको. सासऱ्यांनी तो पायानं बाजूला लोटला आणि बसले. खुर्ची दबली. आणखी दबली. पट्ट्या करकरल्या, आणि मग तिनं त्यांना अलगद वर उचललं. त्यांनी मुद्दाम एक झोका घेतला. मग दुसरा.

"आयला! लई झ्याक!"

हॉलभर हशा पिकला. कुणीतरी विचारलं, कुठल्या कारखान्याची?

"कारखाना कसला? आमच्या सूनबाईनं केली," सासरे म्हणाले. "ह्यो हाल तिचा हाय. इचारायचं ते तिलाच इचारा. ये गं भायेर."

मी बाहेर आले आणि हॉलच्या मधोमध उभी राहिले. ज्यांना मी आजवर फक्त चहा पाठवला होता, ती माणसं मला सरळ प्रश्न विचारत होती, आणि मी सरळ उत्तरं देत होते. इतका आनंद मला पुढे फार कमी वेळा झाला. नवऱ्याला सांगितलेलं नाही, पण लग्नातसुद्धा नव्हता झाला.

शेवटी मिरजगावचे एक पाहुणे उठले. "आमच्या बी बंगल्यात अशी बैठक करून द्याल का?"

"देईन की," मी म्हणाले. "पण हॉल कसा हवा, ते आधी तुमच्या सूनबाईंना विचारून या."