खड्याने माती ठोकणारी गांधीलमाशी
एप्रिल १९८८, चोपडा, सकाळचे आठ. हजर: आई, शेजारच्या अक्का आणि मी. काल कुठूनसा ताज्या सारवणाचा वास आला आणि ती सकाळ आठवली. ज्वारीचे बिबडे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे पापड, वाळत घालायचे म्हणून आई घाईने अंगण सारवत होती. तिचा हात कोपऱ्यातल्या एका भोकाशी पोचला, तोच बारीक कमरेची काळी गांधीलमाशी स्वतःपेक्षा मोठा हिरवा नाकतोडा ओढत तिथे आली. "सारवू नको वं तठे, तिनं घर शे," अक्का म्हणाल्या, तिथे तिचं घर आहे म्हणून. "आणि माझं शिजलेलं पीठ निवतंय, त्याचं काय?" आई करवादली, पण तिचा शेणाने माखलेला हात जागीच थांबला. माशीने नाकतोडा आत नेला, बाहेर येऊन भोक मातीने बुजवलं आणि मग तोंडात बारीकसा खडा धरून ती माती ठोकून बसवली, आपण धुमसाने जमीन चोपतो तशी. आम्ही तिघी बघत होतो. "हिला कुणी शिकवलं असेल गं?" आई हळूच म्हणाली आणि वीतभर जागा सोडून पुढे सारवू लागली. आताच्या घरामागे फरशी बसवायचं काम तीन वर्षं माझ्या यादीत आहे. तिथल्या मातीत तशीच दोन भोकं दिसतात, म्हणून गवंड्याला अजून निरोप धाडलेला नाही.