ताईचं हसू

यंत्राच्या एका नळीतून माझ्या बहिणीचं रक्त बाहेर जात होतं, दुसरीतून परत येत होतं आणि मधल्यामध्ये पिवळं पाणी पिशवीत साचत होतं. "रोगाशी लढायला शरीर जे तयार करतं, तेच हिच्या स्नायूंवर उलटलंय. ते काढून टाकतोय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्या पिशवीकडे रागाने बघत राहिले. राग खरं तर पिशवीवर नव्हताच.

वर्षभर ताईच्या पापण्या आपोआप मिटत होत्या, ओठ हलत नव्हते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने सगळ्यांना वाण दिलं, पण ती हसली नाही. "नोकरी लागल्यापासून फार शिष्ट झालीय," तिच्या मोठ्या जाऊबाई दारातच म्हणाल्या. वाण देताना ताईचा हात लटपटत होता, तो मात्र एकीलाही दिसला नाही. आमच्याकडे बाई दमली तरी चालतं, ती दुखणं अंगावर काढते. तिने हसायचं तेवढं चुकवायचं नाही. परकं कुणी नव्हतं हो, सगळी आपलीच माणसं! ती गाळून काढणारं यंत्र कुठे मिळतं?

उपचार संपत आले तेव्हा जाऊबाई शहाळं घेऊन आल्या. वर्षभराचं सगळं माझ्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात ताईने डोळे उघडले आणि त्यांच्याकडे बघून ती हसली. वर्षातलं पहिलं हसू, तेही त्यांना!

जाऊबाई माझ्याकडे वळल्या.

"बघितलंस? मनात आणलं की येतं हिला हसता."