पॅराबोलावरून गेलं तर

पीएच.डी.च्या त्या सेमिनारला बाबांना मीच बोलावलं होतं. नुकतेच सरकारी कचेरीतून निवृत्त झाले होते. मांजलपूरच्या आमच्या सोसायटीत सगळ्यांची मुलं कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. मुलगी गणितात नक्की काय करते, हे बाबांना कोणालाच सांगता येत नसे.

माझं म्हणणं फळ्यावर सुटसुटीत दिसत होतं. दोन चलांच्या दोन बहुपदी घ्या. केंद्रापासून कुठल्याही सरळ रेषेवर दूर जाताना त्यातल्या एकीची तरी किंमत, चिन्ह सोडून, अमर्याद वाढत असेल, तर कुठल्याही वाटेनं अनंताकडे गेलात तरी वाढेलच. सिद्धता संपवून मी खडू ठेवला.

करजणहून रोज ये-जा करणारी एम.एस्सी.ची एक मुलगी चाचरत उभी राहिली. "बेन, सीधी लाइन छोडीने पॅराबोला पर जईए तो?"

माझ्या गाइड सरांनी तिला फळ्यापाशी बोलावलं. तिनं पहिली बहुपदी लिहिली: y वजा x चा वर्ग. तिलाच x नं गुणून दुसरी. प्रत्येक सरळ रेषेवर दोघींपैकी एक तरी वाढत जात होती, आणि पॅराबोलाच्या वक्रावर कितीही दूर गेलं तरी दोन्ही शून्य. चार ओळीही लागल्या नाहीत. माझे कान तापले. कुणाकडे बघावं कळेना, म्हणून मी डस्टर उचललं आणि फळ्याचा कोरा भाग पुसत राहिले.

"बेसो, बेन," सर खुर्ची पुढे करत हळूच म्हणाले.

तेवढ्यात मागच्या बाकावरून टाळ्या आल्या. एकट्या बाबांच्या. त्यांनी मांडवीच्या बाजारातून आणलेला पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि पहिला पेढा त्या मुलीला दिला. "छान प्रश्न विचारलास हं!" ती बिचारी माझ्याकडे बघत राहिली. सरांनीही मुकाट्यानं पेढा घेतला. बाबांना थांबवायला मी पुढे झाले नाही. ते माझे कुणी नाहीत अशा थाटात मी वह्या गोळा करत बसले.

घरी येताना स्कूटरवर त्यांनी विचारलं, "ती मुलगी काय म्हणत होती गं?"

"माझं चुकलंय म्हणत होती."

"म्हणजे थोडंसं?"

"सगळंच, बाबा."

त्यांनी स्कूटर कडेला घेतली. "आणि मी पेढे वाटले," मागे न वळता म्हणाले. त्यांची मान लाल झाली होती.

पुढे सरांनी आणि मी ते प्रमेय जास्तीची अट घालून, बरंच लहान करून उभं केलं. त्या मुलीचे आभार प्रबंधात पहिल्या पानावर मानले. पदवी मिळाली. त्याआधी तोंडी परीक्षेच्या दिवशी मी बाबांना आत यायचा खूप आग्रह केला. ते विभागापर्यंत सोडायला आले, पण पायऱ्यांपाशीच थांबले.

"तू जा," ते म्हणाले. "मला आत काही कळत नाही. उगाच भलत्याच वेळी टाळ्या वाजवीन."