वाडीला पुरणारं भात

दसऱ्याच्या सकाळी कोकणातल्या एका वाडीत एक वृद्ध बाई घरोघरी जाऊन दारांच्या चौकटींना भाताच्या नव्या लोंब्या बांधत होत्या. घरं सहा. त्यांचं सोडून सगळ्यांना कुलूप. कोकण स्वतःपुरतं धान्य पिकवू शकेल का, याची बातमी करायला मी तिथे गेलो होतो. वाडीखालच्या शेतांत गवत माजलं होतं. पिकून पिवळा झालेला एकच तुकडा होता, तो या बाईंचा.

“काकी, या घरांत कुणीच नाही. मग लोंब्या कशाला?”

“मे महिन्यात येतात. दसऱ्याला दार मोकळं राहिलं नाही, एवढं कळतं त्यांना.”

वाडीला वर्षभर पुरेल एवढं भात होतं का, असं मी विचारलं.

“पुरून उरतं. खाणारी मी एकटी. मुलाला म्हटलं, दोन पोती घेऊन जा. तो म्हणतो, आई, इथे बिल्डिंगच्या खालीच दुकान आहे.”

जमीन आणि पाऊस मोजला की उत्तर मिळेल, असं मी धरून चाललो होतो. ताटं मोजायचं सुचलं नव्हतं.

काकींनी जेवायला थांबायचा आग्रह केला. मी घड्याळाकडे पाहिलं, आणि मग थांबलो.