दुरुस्तीभाऊजींचं स्टेशन

आमच्या समोरच्या दारात दुरुस्तीभाऊजी राहतात. पंखा, मिक्सर, नळ यांतलं त्यांना काहीही दुरुस्त करता येत नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी एकदा बंद पडलेली इस्त्री घेऊन गेले होते. उपग्रहांवरचं व्याख्यान ऐकून बंद इस्त्रीसकट परत आले. भाऊजींची दुरुस्ती आभाळातली.

ती अशी. आपण कुठे उभे आहोत हे उपग्रह सांगतात, पण त्यांचे संदेश वरच्या हवेतून येताना जरा रखडतात. मग आपण असतो आपल्या दारात आणि ते दाखवतात शेजारणीच्या स्वयंपाकघरात. (माझ्या बाबतीत ते बरेचदा खरंही असतं.) त्यावर उपाय म्हणून जमिनीवर एक स्टेशन ठेवायचं. उपग्रह त्यालाही थापा मारतात, पण त्याची जागा आधीच काटेकोर मोजलेली असते, त्यामुळे थाप केवढी हे त्याला लगेच कळतं. मग ते आजूबाजूच्या सगळ्यांना सांगतं, बाबांनो, एवढं वजा करा. विमानं उतरवायलाही असलीच दुरुस्ती वापरतात म्हणे.

हे शिकवणारं सॉफ्टवेअर भाऊजींनी तंत्रज्ञांच्या एका प्रशिक्षण केंद्रासाठी बनवलंय आणि घरी बसून तेच सांभाळतात. केंद्रातली मुलं हातात यंत्र घेऊन मैदानात रंगवलेल्या खुणांवर उभी राहतात. पडद्यावर त्यांचा ठिपका झिंगल्यासारखा भटकत असतो. ‘दुरुस्ती’चं बटण दाबलं की शहाण्यासारखा खुणेवर येऊन थांबतो. ही दुरुस्ती जाते आमच्या गच्चीवरून. तिथे सिमेंट भरलेल्या डब्यात एक पाइप रोवलाय आणि त्यावर पालथ्या वाडग्यासारखा पांढरा अँटेना. तेच ते स्टेशन.

पडद्याच्या कोपऱ्यात आणखी एक बटण आहे, ‘विचारा’. मुलांनी प्रश्न लिहिला की भाऊजींच्या घरात टिंग वाजतं. स्वयंपाकघरातही ऐकू यावं म्हणून आवाज पूर्ण मोठा ठेवलेला. पण ते वाजत नसे. भाऊजींनी प्रत्येक पायरी इतकी फोड करून लिहिली होती, की कुणाचं काही अडतच नसे. आपल्याच हातांनी आपली सोबत पुसून टाकणारा असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

सोबत म्हणायचं कारण, त्यांची बायको मुलीच्या बाळंतपणाला गेली ती गेलीच. नात चालायला लागली, उलट बोलायला लागली, तरी बाई तिकडेच. भांडण झालं असतं तर दारं समोरासमोर आहेत, मला कळलंच असतं. नुसतं राहणं झालं. फोन येतो. गोळी घेतलीत का, घेतली, बरं ठेवते.

मग गच्चीची गळती काढायला माणसं आली. भाऊजींनी त्यांना वर नेऊन बजावलं की अँटेनाच्या या वायरीला अजिबात हात लावायचा नाही. माणसं गुणी. त्यांनी वायरीला बोटसुद्धा लावलं नाही. दोघांनी डबाच अलगद उचलला, दोन पावलं सरकवून ठेवला, खालची फट बुजवली आणि जाताना अँटेना पुसूनही ठेवला.

दुसऱ्या दिवशी टिंग वाजलं. मग वाजतच राहिलं. सर, ठिपका खुणेवर येत नाही. सर, बाजूला जातोय. भाऊजी जेवण सोडून उत्तरं लिहीत होते: बॅटरी बघा, यंत्र सरळ धरा, झाडाखाली उभे राहू नका. संध्याकाळी तर चक्क फोन. दाढी केली, कपाटातला चांगला शर्ट निघाला. मी डोकावले तर म्हणाले, वहिनी, आता बसायला वेळ नाही हं, मुलं खोळंबलीत. मी मैत्रिणींत सांगून टाकलं की भाऊजींचं बहुधा कुठेतरी जमलं.

तसं दोन-तीन दिवस चाललं. मग एका मुलीने फोनवर विचारलं, “सर, आम्ही सगळेच एकाच बाजूला सारखेच चुकतोय. असं कसं?”

मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. भाऊजी जिना चढून आले, डब्यापाशी उभे राहिले आणि जुन्या जागेवरच्या गोल डागाकडे बघत राहिले. सगळे सारखेच चुकत असतील तर चूक सांगणाऱ्याची, एवढं मलाही त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं.

माझी जीभ काही गप्प बसत नाही. म्हटलं, “राहू द्या की आणखी चार दिवस. कुठे विमान पडतंय? तेवढाच फोन वाजतोय.”

ते रागावले नाहीत. विचार केला त्यांनी, मी बघितलं ना. मग म्हणाले, “मुलांना वाटतंय, आपल्यालाच जमत नाही. एक जण कोर्स सोडायचं म्हणतोय.”

आम्ही दोघांनी मिळून डबा ओढला. माझी कंबर अजून साक्ष देते. त्यांनी टेप लावून, पुन्हा लावून, डागावर नेमका बसवला. खाली येऊन सगळ्यांना कळवलं: चूक माझ्या स्टेशनाची होती, तुमचं पहिल्यापासून बरोबर होतं.

दुपारी मी वाटी परत द्यायला गेले तेव्हा टिंग वाजलं. ‘आता खुणेवर येतंय सर. थँक यू.’ भाऊजींनी लिहिलं, ‘छान. काही अडलं तर विचारा.’ मग चष्मा वर करून पडद्याकडे बघत बसले. तिकडून कुणी लिहायला लागलेलं दिसलं नाही. मी वाटी ठेवली, निघाले, दारापर्यंत पोचले.

“वहिनी, कपडे काढायला गच्चीवर जाणार असाल ना? मीही येतो. डबा हलला नाही ना, बघायचंय.”

“ते मघाशीच काढले,” मी बोलून गेले.

“हो का,” भाऊजी म्हणाले. “बरं.”