शब्दाला शब्द

जपानमधल्या सेंदाई शहराच्या एका बास्केटबॉल क्लबात मी दुभाषी होते. आमच्या मॅनेजरने एकदा स्वतःची चूक सगळ्यांसमोर माझ्या जपानीवर ढकलली होती. मी ते विसरले नव्हते.

एका सामन्याआधी राष्ट्रगीत सुरू असताना आमचा परदेशी खेळाडू बाकावरून उठलाच नाही. नंतर पत्रकारांनी कारण विचारलं. तो इंग्रजीत म्हणाला, "प्रेक्षक माझ्या रंगावरून शिव्या देतात आणि क्लब गप्प बसतो."

मॅनेजर माझ्या कानाशी पुटपुटला, "पाठ दुखत होती म्हणतोय, असं सांगा."

मी माइक जवळ ओढला. आधी खेळाडूचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं, मग मॅनेजरचंही. त्याचा उतरलेला चेहरा मी मनसोक्त पाहिला.

महिनाअखेरीस माझी नोकरी गेली. पुढे मॅनेजरलाही काढल्याचं कळलं, त्या दिवशी मी पुरणपोळ्या केल्या.