मोटारीच्या डाव्या दाराची गाठ

परवापासून माझं एका गाठीशी हाडवैर जुळलं आहे. ही गाठ माझ्या मोटारीच्या डाव्या दाराला आहे, घोड्याच्या जुन्या लगामाची आहे आणि काही केल्या सुटत नाही... वीस वर्षं मुलांना समास सोडवून दाखवणाऱ्या माणसावर ही वेळ यावी, याचा मी या वहीत जाहीर निषेध नोंदवतो.

आपल्या मित्रमंडळींत फिरणारी ही वही गेल्या खेपेला माझ्याकडून पुढे गेली, तेव्हा मोटार नव्हती. सारंगखेड्याच्या यात्रेला लोक घोडे घ्यायला जातात. मी घोड्यांच्या रांगेच्या शेवटी उभी असलेली मोटार घेतली. दात बघून घ्यायची सोय नव्हती, एवढीच सबब.

शाळामास्तराला मोटार कशाला, असं तुम्ही विचारणारच. आमची सुमन बाळंतपणाला आली आहे आणि बाळ आडवं आहे, असं सुईण म्हणते. कळा सुरू झाल्या की थेट चिंचपाड्याला मिशनच्या दवाखान्यात न्या, असं डॉक्टरांनी बजावलंय... रेल्वे आहे, पण तिच्या वेळा बाळाला कोण सांगणार?

तर मोटार. विकणारे काशीरामभाई तापीकाठचे गुजर शेतकरी, अबोल गृहस्थ. का विकता म्हणून विचारलं, तर म्हणाले, "आते मले गाडीनं काम नै." आता गाडीचं काम उरलं नाही, एवढंच. नंदुरबारला माझ्या दारापर्यंत गाडी स्वतः आणून दिली आणि पाणीसुद्धा न घेता स्टेशनकडे चालू लागले.

मग मी गाडी नीट पाहिली... आणि या सद्गृहस्थाने यंत्राचे काय हाल केले आहेत ते कळलं! पेट्रोलच्या टाकीचं भोक धुण्याच्या साबणाने बुजवलेलं. मागच्या टायरात ट्यूब नाहीच, सरकीसकट कापूस ठासून भरलेला. हॉर्न गायब, आणि त्याच्या जागी पुढे बैलाची घंटा, जी गाडी हलली की आपोआप वाजते.

पहिल्या फेरीला गल्लीतली पोरंटोरं बैल बघायला बाहेर आली. आमच्या सौभाग्यवती ओट्यावरून म्हणाल्या, "मोटार आणलीत का पोळ्याचा नंदी?" विद्वानाने काही प्रसंगी मौन पाळावं.

कळस पुढेच आहे. ड्रायव्हरच्या शेजारची सीट काढलेली, मागची अर्धी कापलेली, आणि त्या लांबोडक्या जागेत चक्क सुतळीची बाज! बाजेच्या चारी पायांखाली जुन्या टायरचे तुकडे, आणि दार उघडू नये म्हणून ती गाठ. ज्या कारागिराने विलायतेत ही गाडी घडवली, तो हे बघता तर संन्यास घेता... माझी मुलगी या अवस्थेत या खटाऱ्यातून जाणार नाही, चांगल्या गादीवर माणसासारखी बसून जाईल, असं मी घरात ठणकावून सांगितलं.

आणि परवा सकाळी गाडी उस्मान मिस्त्रींकडे नेली. उस्मानभाई आधी टांगे दुरुस्त करायचे, आता मोटारीही करतात. मी सांगितलं, हा सगळा अडाणीपणा उपटून काढा, आणि आधी ती गाठ कापा. ज्या गाढवाने टाकीला साबण लावला, त्याच्याबद्दलही दोन शब्द बोललो. संस्कृतात बोललो, पण भाव पोचला असावा.

उस्मानभाईंनी सुरी हातात घेतली आणि तशीच खाली ठेवली. "साबनले काही बोलू नका, गुरजी. तो मन्हा शे."

मग त्यांनी सांगितलं. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस काशीरामभाई याच गाडीने त्यांच्या दुकानासमोर थांबले होते. बाजेवर त्यांची बायको... बाळंतपणात अडलेली, चिंचपाड्यालाच निघालेली. टाकी गळत होती, थांबायला वेळ नव्हता, म्हणून उस्मानभाईंनी हातात होता तो साबण दाबला.

बाकीचं त्या माणसाने घरी एका दुपारीत केलं होतं. तिला बसवत नव्हतं, म्हणून बाज. आणि गचके बसू नयेत, म्हणून टायरचे तुकडे. वाटेत पंक्चर होऊन अडकू नये, म्हणून कापूस.

"आणि घंटा?" मी विचारलं. आवाज जरा खाली आला होता माझा.

"हॉर्न वाजाडाले हात सोडना पडस ना, गुरजी. एक हात गाडीवर, दुसरा तिना हातमा व्हता."

मी सुरी त्यांच्या सामानात परत ठेवली. साबण तेवढा काढून त्यांनी टाकीचं भोक कथलाचा पक्का डाग देऊन बुजवलं. बाकी काही काढू नका, म्हटलं. उलट गाठ कशी मारायची ते शिकवा. तासभर लागला... विद्यार्थी मंद आहे, असं उस्मानभाईंनी तोंडावर सांगितलं.

घरी आल्यावर सुमन हट्टाने त्या बाजेवर आडवी झाली आणि घंटा वाजवून हसली. म्हणाली, "अण्णा, मस्त झोप लागेल." तिची आई गोधडी आणायला आत गेली, ती बराच वेळ बाहेर आली नाही.

काशीरामभाईंचा मी मनोमन गुन्हेगार आहे, आणि त्यांना तसं पत्र लिहिणार आहे. मंडळी, माझा राग त्या गाठीवर नव्हताच, सुमनची काळजी होती ती. ती बाई दवाखान्यात पोचली का, आणि पोचल्यावर परत आली का, हे उस्मानभाईंना ठाऊक आहे. मी विचारावं म्हणून ते थांबलेही होते... मी विचारलं नाही. मला भीती वाटते.